पेन्सिलीतली वाडी

"जे खोडता येतं, ते कॉम्प्युटर घेत नाही." हे वाक्य यज्ञेश्वर बोरगावकर एका दुपारी सहज बोलून गेला, ते त्याचं त्यालाच आवडलं, आणि मग वर्षभर तो ते जिथंतिथं वापरत सुटला. माणूस स्वतःच्याच वाक्यावर खूश व्हायला लागला की समजावं, आता हा कुणाचं ऐकणार नाही. पण हे त्याला सांगणार कोण? सांगण्याच्या योग्यतेचा एकच माणूस त्याच्यासमोर रोज बसत होता, ते म्हणजे जोतीरामअण्णा, आणि अण्णा मोजकं बोलायचे.

गोष्ट सत्त्याऐंशी सालातली. यज्ञेश्वर मुंबईची चांगली नोकरी सोडून कोल्हापुरात परत आला होता आणि राजारामपुरीत दोन खोल्या घेऊन त्यानं कॉम्प्युटर मांडला होता. त्या काळी ही वस्तू बघायला माणसं यायची. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम त्यानं केला होता, पण लोक अनवाणी आत आले की आपोआप हात जोडायचे. एका कचेरीतल्या हेडक्लार्कनं तर पायरीवर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा यंत्रापुढं ठेवला. यज्ञेश्वर हसला, पण तुकडा उचलून ठेवायला त्याला सुचलं नाही. त्या मानात आपलाही थोडा वाटा आहे असं त्याला वाटत होतं.

कामही मानाचंच होतं. शाहूवाडीच्या डोंगरात एका ओढ्यावर धरण होणार होतं. आंबखोल नावाचं गाव आणि त्याच्या चार वाड्या पाण्याखाली जाणार होत्या. कुणाचं कुठलं शेत बुडणार आणि त्या बदल्यात कुणाला काय द्यायचं, हे ठरवणाऱ्या कचेरीनं पाच कारकून बसवले होते, आणि पाचजणांच्या पाच याद्या निघाल्या होत्या. यज्ञेश्वर म्हणाला, "पाच महिने द्या. यादी आणि नकाशा दोन्ही कॉम्प्युटरवर देतो. यादीत नाव बदललं की नकाशावरचं शेत आपोआप बदलेल." असलं काही जिल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं त्या एका कचेरीपुरता प्रोग्रॅम लिहिला, अंगाचं माप घेऊन सदरा शिवावा तसा.

नियम तीनच होते. जो आंबखोलात राहतो आणि ज्याचं शेत बुडतं, त्याला खाली जयसिंगपूरच्या बाजूला सपाटीवर जमिनीच्या बदल्यात जमीन. ज्याचं शेत आहे पण तो राहतो दुसरीकडे, त्याला रोख भरपाई. आणि जो राहतो पण ज्याच्या नावावर शेत नाही, त्याला घरापुरती जागा, बाकी काही नाही. प्रोग्रॅमनं सातबाऱ्यावरची नावं एका बाजूला घ्यायची, घरमोजणीतली दुसऱ्या बाजूला, आणि जुळवून बघायचं. जुळलं की नकाशावर ते शेत रेघांनी भरून यायचं. नाही जुळलं तर पांढरं.

आता नकाशा कॉम्प्युटरात घालायचा कसा? आज हे काम पोरंसोरं करतात. तेव्हा कचेरीनं त्यासाठी एक माणूस दिला होता, ट्रेसर जोतीराम खोत. तीस वर्षं गावांचे नकाशे मेणकापडावर उतरवून उतरवून त्यांची मान कायमची डावीकडं कलली होती. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि सदऱ्याच्या खिशात दोन पेन्सिली. ते गावच्या नकाशावर चौकटीचा पारदर्शक कागद पसरायचे, शेताच्या प्रत्येक कोपऱ्यावर टाचणीचं टोक टेकवायचे आणि आकडे वाचायचे. "तीनशे बारा, एकशे चाळीस. तीनशे वीस, एकशे छत्तीस." यज्ञेश्वर ते टाइप करायचा. चार महिने हे चाललं. पोथी वाचल्यासारखा एकसुरी आवाज, आणि मध्येच दुपारच्या भाकरीला थांबणं.

एकदाच तो सूर बदलला. गवळदांड नावाची वाडी वाचताना अण्णा हळू झाले. डोंगराच्या खांद्यावरची अकरा घरांची वाडी, आणि तिची ओढ्यापर्यंत उतरलेली अकरा शेतं. तीनशे बारा, एकशे चाळीस हा कोपरा त्यातलाच. तिथं टाचणी टेकवून ते म्हणाले, "हितं फणस हाय. थोरला. दोन माणसांच्या कवेत मावत न्हाय."

"झाडं नकोत अण्णा," यज्ञेश्वर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "आकडे सांगा."

अण्णांनी आकडे सांगितले. नकाशावर झाडं दाखवलेली नसताना या ट्रेसरला फणसाचा घेर कसा माहीत, हा प्रश्न यज्ञेश्वरच्या डोक्यात आला नाही. हुशार माणसांच्या डोक्यात असले प्रश्न उशिरा येतात.

मे महिन्यात पहिला नकाशा छापला. छापला म्हणजे प्रिंटरमधून कर्रकर्र करत पट्ट्या निघाल्या आणि अण्णांनी त्या खळीनं चिकटवल्या. जमिनीवर पसरला तेव्हा जाजमाएवढा झाला. आंबखोल रेघांनी भरलं होतं, तीन वाड्या भरल्या होत्या, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात गवळदांड पांढरंशुभ्र.

यज्ञेश्वर नकाशाभोवती फिरून फिरून तो बघत होता. अण्णा गुडघ्यावर बसले होते. त्यांनी त्या पांढऱ्यावर तळहात ठेवला.

"साहेब, गवळदांड सगळंच पांढरं?"

"शेतं तिथल्या लोकांच्या नावावर नाहीत. मूळ मालक पुण्यात असतो. त्याला रोख मिळेल."

"त्यानं ती वाडी डोळ्यानं बगितली न्हाय कदी. कुळं हायती तितं, तीन पिढ्या कसत्यात. निकाल झालाय त्येंच्या बाजूनं. सातबाऱ्यावर नावं हायती की."

"शाईनं?"

अण्णांनी तळहात उचलला. "पेन्सिलीनं."

सातबारा ज्यानं हाताळला आहे त्याला हे सांगायला नको. नवी नोंद तलाठी आधी पेन्सिलीनं करतो. मग सर्कल, म्हणजे तलाठ्याच्या वरचा अंमलदार, जागेवर येतो, चार माणसं विचारतो, सही करतो, आणि मग त्या नोंदीवर शाई चढते. रीत चांगली आहे. फक्त सर्कल जागेवर यायला हवा. गवळदांडला जायला अडीच तासांची चढण. जून ते दिवाळी वाट बंद, आणि दिवाळी ते जून सर्कलला दुसरी कामं. असे चार सर्कल आले आणि बदलून गेले. अकरा वर्षं ती अकरा नावं पेन्सिलीतच राहिली होती. वाडीतल्या कुणाला त्याचं भय वाटलं नव्हतं, कारण तलाठी दर वर्षी त्यांच्याकडूनच शेतसारा नेत होता आणि शेतात नांगर त्यांचाच चालत होता.

यज्ञेश्वरनं काम सुरू करताना नियम घातला होता की शाईची तेवढी नोंद घ्यायची. काहीतरी नियम तर घालायलाच हवा होता, आणि त्याच्या वडिलांनी, शाळामास्तर अप्पांनी, त्याला लहानपणापासून हेच शिकवलं होतं. पेन्सिल कच्च्या वहीला, शाई पक्क्या वहीला. म्हणून त्याच्या प्रोग्रॅममध्ये पेन्सिलीला रकानाच नव्हता. आणि त्या दुपारी तो अण्णांना म्हणाला, "अण्णा, पेन्सिल म्हणजे खोडता येतं ते. जे खोडता येतं, ते कॉम्प्युटर घेत नाही."

वाक्य झकास जमलं होतं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आनि आता घालायचं म्हटलं तर?"

"आता? पंधरा दिवस लागतील. पुन्हा सगळं तपासा, पुन्हा छापा. आणि गुरुवारी मुंबईचे साहेब येताहेत बघायला."

"मग त्यास्नी म्हनावं, पंधरा दिवस थांबा."

"अहो, असं थांबतात का ते? नंतर करू दुरुस्ती. यादी काही दगडावर कोरलेली नाही."

अण्णा त्या दिवशी आणखी एकदा बोलले, जाताना, चपला घालता घालता. "अकरा घरं हायती, साहेब." यज्ञेश्वरनं मान हलवली. त्याचं लक्ष चिकटवलेल्या पट्ट्यांमधल्या एका वाकड्या शिवणीकडं होतं.

गुरुवारी मुंबईचे साहेब आले, चपला काढून आत आले आणि खूश झाले. पांढऱ्या भागाबद्दल त्यांनीच विचारलं, आणि यज्ञेश्वरनं ते वाक्य त्यांना ऐकवलं. साहेब मोठ्यानं हसले. साहेब हसले म्हणून सगळे हसले. मागं भिंतीला टेकून जोतीरामअण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. ते हसले की नाही हे यज्ञेश्वरनं पाहिलं नाही. पुढं कितीतरी वेळा त्याला वाटलं, निदान मागं वळून बघायचं होतं.

जाताना साहेब म्हणाले, हे ठीक उतरलं तर पन्हाळ्यापासून पुढच्या सगळ्या तालुक्यांचं काम तुम्हालाच. यज्ञेश्वरनं घरी जाताना पेढे नेले.

यादी दगडावर कोरलेली नव्हती हे खरं, पण ती कॉम्प्युटरची होती. हा फरक यज्ञेश्वरलाही माहीत नव्हता. कारकुनाच्या यादीशी लोक भांडायचे, कारकूनही भांडायचे, आणि भांडता भांडता चार नावं बदलायची. या यादीशी कुणी भांडेना. "कॉम्प्युटरनं काढलीया," असं म्हटलं की समोरचा गप्प व्हायचा. महिन्याभरात तिच्यावर सह्या झाल्या, ती चावडीवर लागली, आणि गवळदांडच्या अकरा घरांपुढं लिहून आलं: भूमिहीन.

वाडीनं अर्ज केला. पेन्सिलीच्या नोंदी धराव्यात, आम्ही कसणारे आहोत, वाटल्यास जागेवर येऊन बघा. अर्ज फिरत फिरत कचेरीतल्या एका भल्या अधिकाऱ्यासमोर आला. तो खरंच भला होता. त्यानं जोतीरामअण्णांच्याच हाती यज्ञेश्वरला निरोप धाडला: तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की प्रोग्रॅमनं या नोंदी गाळल्या, त्यात उणीव राहिली. बाकीचं मी बघतो, यादी दुरुस्तीला पाठवतो.

अण्णा कागद घेऊन आले. पावसाळा सरत आलेला, तरी त्यांचे पाय चिखलानं माखले होते. बाहेरच्या नळावर धुऊन ते आत आले.

"दोन ओळीचं काम हाय, साहेब," ते म्हणाले.

यज्ञेश्वरनं कागद वाचला. 'उणीव' हा शब्द त्याला टोचला. पन्हाळ्याच्या कामाचा कागद मुंबईत सहीसाठी पडून होता. आता आपणच आपल्या हातानं उणीव लिहून द्यायची? तो म्हणाला, "आठ दिवस द्या. नीट विचार करून लिहितो."

आठ दिवसांनी अण्णा आले, तेव्हा तो म्हणाला, "सोमवारी." सोमवारी तो सांगलीला गेला. खरंच काम होतं, पण टाळताही आलं असतं. अण्णा तीन खेपा आले. चौथ्या खेपेआधी यज्ञेश्वरनं पत्र लिहिलं आणि थेट कचेरीत नेऊन दिलं. त्यात होतं: 'प्रणालीत दोष नाही. पुरवण्यात आलेल्या अधिकृत नोंदींनुसार यादी अचूक आहे.'

यातला एक शब्दही खोटा नव्हता. हे त्यानं स्वतःला कितीदा सांगितलं असेल त्याला सुमार नाही. कुणी कोर्टात उभं केलं असतं तरी तो सुटला असता. पण त्याला कुणी कोर्टात उभं केलं नाही, आणि त्यामुळंच तो सुटला नाही.

त्या पत्रावर वाडीचा अर्ज निकाली निघाला. भला अधिकारी बदलून गेला. पन्हाळ्याच्या कागदावर सही झाली. अण्णा दिवाळीत सेवानिवृत्त झाले आणि कचेरीनं त्यांना शाल आणि नारळ दिला. यज्ञेश्वर समारंभाला गेला. अण्णांनी त्याला नमस्कार केला, पत्राबद्दल चकार शब्द काढला नाही. बोलले असते, चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पुढच्या पावसाळ्यात धरणात पाणी अडलं.

दोन वर्षांनी पन्हाळ्याचं काम रंगात आलं, आणि तिथले नकाशे वाचायला माणूस मिळेना. नवा ट्रेसर होता, पण त्याच्या आकड्यांनी शेतं एकमेकांवर चढायची. यज्ञेश्वर अण्णांना शोधत निघाला. कचेरीत विचारलं तर शिपाई म्हणाला, "ते व्हय? ते जयसिंगपूरच्या म्होरं ऱ्हात्यात आता, वसाहतीत. आंबखोलची मानसं हायती बगा, तितं."

यज्ञेश्वरला वाटलं, माणूस साधा, स्वस्तात घर मिळालं असेल. जयसिंगपूरला एस.टी.तून उतरून तो टेम्पोनं पुढं गेला. माघ संपत आला होता आणि काळ्या रानात ऊस उभा होता. वसाहत म्हणजे आखलेले चौकोन आणि त्यात पत्र्याची घरं. आखणी सरळ होती, त्याच्याच यादीच्या क्रमानं. अलीकडं आंबखोल, मग वाड्या, आणि अगदी शेवटी, गटाराच्या पलीकडं, अकरा घरं. पहिल्या भागात लोकांच्या दारात बैल होते, कडबा होता. शेवटच्या अकरा दारांत खुरपी टांगलेली होती.

शेवटून दुसऱ्या घरासमोर अण्णा बाजेवर बसले होते. मान डावीकडंच. यज्ञेश्वरला बघून ते उठले. "या, या साहेब! पानी आण गं, चिमणा!"

आतून साठीची एक बाई तांब्या घेऊन आली. हातापायाला चिखल वाळलेला, नुकतीच कुणाच्या तरी रानातलं तण काढून, भांगलणीवरून आलेली दिसत होती. तिची मान नव्हती कललेली, पण चेहरा अण्णांचाच होता.

"ही माजी भैन. चिमणाबाई," अण्णा म्हणाले. "गवळदांडात दिलीती. दाजी गेले, प्वार बाळ न्हाय. आता म्या बी एकटाच, म्हनून हितं आलो. हिला हुईल तेवडी सोबत."

यज्ञेश्वरच्या हातात तांब्या तसाच राहिला. तीनशे बारा, एकशे चाळीस. थोरला फणस. चार महिने तो माणूस त्याच्यासमोर बसून बहिणीच्या शेताचे कोपरे वाचत होता, आणि यज्ञेश्वर त्याला म्हणाला होता, झाडं नकोत.

चिमणाबाई चहा टाकायला आत गेली तेव्हा तो कसाबसा म्हणाला, "अण्णा, तुम्ही सांगितलं का नाही? बहीण आहे म्हणून एक शब्द बोलला असता, तर मी..."

"तर तुमी काय केलं असतं?"

"तिचं नाव घातलं असतं. काहीतरी करून घातलं असतं."

"व्हय. तिचं घातलं असतं," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आकडे वाचायचे तसाच सरळ आवाज. "आनि दहा घरं तशीच पांढरी. मग म्या हितं कुठल्या तोंडानं बसलो असतो? सगळ्यांचं बोललो की साहेब. अकरा घरं म्हनून सांगितलं की."

खरंच सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. एका घरात अण्णांची बहीण आहे हे कळलं असतं तर त्यानं धावपळ केली असती, आणि अकरा घरं कळून त्यानं शिवण सरळ आहे का ते पाहिलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, साधी, उघडी लाज.

चहा आला. चिमणाबाईला पाहुणा कोण ते कळलेलं दिसत नव्हतं. नकाशेवाले साहेब एवढंच अण्णांनी सांगितलं असावं. ती उंबऱ्यात टेकली आणि म्हणाली, "आमचं गाव हाय व्हय तुमच्या नकाशात, पावणं?"

त्याच्या पिशवीत नमुना म्हणून जुन्या नकाशाची घडी होती. नाही म्हणायला हवं होतं, पण हात पिशवीत गेला होता. त्यानं बाजेवर कागद उलगडला. ती ओणवी होऊन बघायला लागली. रेघांच्या गर्दीतून तिची नजर फिरली, तिला काही उमगेना.

"ह्यात माजं रान कुठलं?"

यज्ञेश्वरनं पांढऱ्या भागात बोट ठेवलं. शोधावं लागलं नाही. "इथं. हा कोपरा. इथं फणस होता."

"अगं बाई!" ती हरखलीच. "फणस बी ठावं हाय तुमास्नी! आनि हितनं खाली वड्याला जायाची वाट. आनि हितं आमचे मालक बसायचे, भाकरी खायाला." तिचं मातीनं भरलेलं बोट त्या पांढऱ्यावर फिरत राहिलं, आणि तिथं तपकिरी रेघ उमटत गेली. "बाकीच्यांचं रेगा मारून भरलंय. ह्ये मोकळं का वो ठेवलंय?"

अण्णा दुसरीकडं बघत होते. यज्ञेश्वर म्हणाला, "माझी चूक झाली, मावशी."

तिला वाटलं, छापायची चूक. "ऱ्हाऊ द्या की. मानसाच्या हातनं हुतंय," ती म्हणाली.

मग अण्णांनीच विषय बदलला. पन्हाळ्याचं काम म्हटल्यावर त्यांचे डोळे जरा उजळले. दोन दिवसांनी येतो म्हणाले. आणि मग विचारलं, "तितल्या यादीत पेन्सिलीचं घेतासा न्हवं आता?"

पन्हाळ्याच्या प्रोग्रॅममध्येही पेन्सिलीला रकाना नव्हता. मुद्दाम ठेवला नव्हता. इथं घातला तर कुणीतरी विचारणार, मग शाहूवाडीत का नव्हता? ते पत्र बाहेर येणार. दोन वर्षं तो या भीतीनं तोच जुना सदरा नव्या नव्या अंगांवर चढवत होता.

"घेतो की," यज्ञेश्वर म्हणाला.

"लई बरं झालं," चिमणाबाई म्हणाली. "आमचं गेलं ते गेलं. फुडच्यांचं तरी ऱ्हाईल." ती आत गेली आणि फडक्यात शेरभर भुईमुगाच्या शेंगा बांधून घेऊन आली. भांगललेल्या रानाच्या मालकानं दिलेल्या असाव्यात. "पोरास्नी न्या. न्हाय म्हनू नगा."

त्यानं नाही म्हटलं नाही. खोटं बोलून कमावलेलं ते गाठोडं मांडीवर घेऊन तो एस.टी.त बसला आणि कोल्हापूर येईपर्यंत त्यानं त्याची गाठ सोडली नाही. घरी बायकोनं, श्यामलानं, विचारलं, "कुणी दिल्या शेंगा?" तो म्हणाला, "एका मावशीनं." श्यामलानं भाजून बशीत घातल्या. पोरांनी खाल्ल्या. त्यानं बशीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गेला आणि चहासुद्धा न घेता कामाला बसला. नोंदीचा आणखी एक रकाना घालायचा, शाई की पेन्सिल. पेन्सिल असली तर कसणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि नकाशावर शेत तिरप्या रेघांनी दाखवायचं, म्हणजे जागेवर जाऊन बघणाऱ्याला कळेल. पंधरा दिवस लागतील असं तो अण्णांना म्हणाला होता. सकाळी अकराला त्यानं सुरू केलं. दुपारचा चहा आला तेव्हा काम संपलं होतं.

करून बघायला त्यानं आंबखोलची जुनी फ्लॉपी घातली आणि गवळदांडच्या अकरा नोंदी भरल्या. त्याला पाऊण तास लागला. प्रिंटर कर्रकर्र वाजला आणि वरच्या डाव्या कोपऱ्याची पट्टी बाहेर आली, तिरप्या रेघांनी गच्च भरलेली. त्यानं ती हातात घेतली. मग खुर्चीवर बसला आणि रडला. बाहेर चपला काढून कुणीतरी आत येत होतं, ते बघून तसंच परत गेलं.

आठवड्यानं त्यानं पन्हाळ्याची नवी यादी कचेरीत नेली. सोबत एक कागद होता: शाहूवाडीच्या यादीत पेन्सिलीच्या नोंदी मी गाळल्या, ती माझी उणीव, माझं आधीचं पत्र दिशाभूल करणारं होतं. हेडक्लार्कनं दोन्ही घेतलं. यादी साहेबांच्या टेबलावर गेली. कागद त्यानं वाचला, उलटून पाहिला आणि म्हणाला, "शाहूवाडीचं तर पाणी भरलं की साहेब. ती फाइल बंद झालीया." आणि त्यानं तो फडताळात ठेवून दिला.

यज्ञेश्वर थांबला. त्याला वाटलं, आता कुणी बोलावेल, विचारेल, ओरडेल. पन्हाळ्याचं काम काढून घेतील. तो महिनाभर थांबला. 'चूक कुणाची?' या ज्या प्रश्नाच्या भीतीनं त्यानं अकरा घरं पाण्यात सोडली होती, तो प्रश्न त्याला कुणीही विचारला नाही.